नाझरांचं जर्मन सैन्य

सैन्यातला हुद्दा मला आयुष्यात एकदाच मिळाला. तोही जर्मन सैन्यात, आणि तोही पाव भाजणाऱ्या तुकडीवर. हुद्दा देणारे माझे घरमालक होते. कोर्टात नाझर म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. समन्स बजावणं, जप्तीला बेलिफ पाठवणं, कोण कुठल्या गावी जाणार आणि कुठल्या गाडीनं परत येणार हे ठरवणं, असा सगळा कारभार. निवृत्त झाल्यावर पाठवायला बेलिफ उरले नाहीत. मग त्यांनी जर्मन घेतले.

मी सांगलीहून रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायला आलो. राहायला खोली शोधत होतो. कोणीतरी सांगितलं म्हणून यांच्या घरी गेलो, चपला काढल्या, आणि पडवीत पाऊल टाकणार तोच आतून आवाज आला.

"पाय जपून. बव्हेरिया आहे तिथं."

मी पाय तसाच हवेत धरला. खाली सारवलेल्या जमिनीवर काजूच्या बिया मांडल्या होत्या. तीन-तीनचे पुंजके, प्रत्येक पुंजक्यामागे एक सुपारी, आणि थोड्या अंतरावर फणसाची एकेक आठळी. आतून एक उंच, वाळके गृहस्थ आले, धोतर आणि वर पांढरी बंडी. त्यांनी मला हाताला धरून ऑस्ट्रियाच्या बाजूनं आत घेतलं.

"बी म्हणजे रेजिमेंट," ते म्हणाले, "सुपारी म्हणजे तोफखाना. आठळी म्हणजे डिव्हिजनचं मुख्य ठाणं. खोली मागल्या दारी आहे. पाणी विहिरीचं. तुम्हाला इतिहासाची आवड आहे का?"

मला खोली हवी होती. मी म्हटलं, "खूप."

या एका शब्दानं माझ्या पुढच्या कित्येक वर्षांच्या संध्याकाळी गेल्या.

त्यांचा इतिहास असा होता. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात, नाताळच्या सुमाराला, काही ठिकाणी दोन्हीकडचे सैनिक खंदकांतून वर आले. त्यांनी एकमेकांना सिगारेटी दिल्या, गाणी म्हटली, आपापली मेलेली माणसं पुरली. नंतर खाली उतरून त्यांनी पुन्हा एकमेकांना मारायला सुरुवात केली. इथवर खरं घडलेलं. नाझरांच्या इतिहासात ते पुन्हा खाली उतरले नाहीत. बदल एवढाच. पण त्यामुळे युद्ध तिथंच संपलं, जर्मनीचा बादशहा गादीवर राहिला, दुसरं महायुद्ध झालंच नाही, आणि तो मिशीवाला जन्मभर चित्रं विकत राहिला.

"पण सैन्य उरलं ना," नाझर म्हणायचे. "जिंकलेलं नाही, हरलेलं नाही, असं अवाढव्य सैन्य घरी आलं. त्याला ठेवायचं कुठे? घोडे किती, मोटारी किती? कुठली डिव्हिजन कुठल्या गावी? हे कोणीतरी बघायला हवं."

ते कोणीतरी म्हणजे रत्नागिरीजवळच्या वाडीतले हे गृहस्थ. बाकी जगात हे काम कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे चार की तीन. त्या काळच्या जर्मन डिव्हिजनमध्ये चार रेजिमेंटी असत, दोन-दोनच्या जोडीनं. नाझरांना चार मान्य नव्हत्या. त्यांनी सगळीकडे एकेक बी उचलून तीन केल्या होत्या.

"चार असले की दोघं-दोघं मिळून भांडतात," ते सांगायचे. "आम्ही चार भाऊ, मला विचारा. तीन असले की दोन पुढे, एक मागे."

"मागचा कशाला?" मी विचारलं.

"काय होणार ते माहीत नसतं म्हणून."

मला वाटलं होतं, निदान एखादी ब्रिगेड तरी मिळेल. कॉलेजात मी एनसीसीत होतो. रायफल पायावर पाडून घेतल्यामुळे लवकर बाहेर पडलो, पण होतो. हे मी त्यांना दोन-तीनदा सहज म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एका रविवारी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घावने केले होते. मी ते खात असताना नाझर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "तुम्हाला फिल्ड बेकरी देतो. प्रत्येक डिव्हिजनला एक लागते. पाव वेळेवर गेला नाही तर रेजिमेंट हलत नाही. जबाबदारीचं काम आहे."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे खायचं काम."

काकूंचं आणि जर्मन सैन्याचं जमत नसे. त्यांचा राग राजकीय नव्हता. जमीन रोज झाडायची असते आणि बादशहाचं सैन्य वाटेत येतं, एवढंच. एकदा त्यांच्या माहेरचे पाहुणे अचानक आले. नाझर काही कामाला शहरात गेले होते. काकूंनी केरसुणी घेतली, पूर्व आघाडी एका सुपात गोळा केली आणि मागल्या दारी भाजायला टाकली. आठळ्या माठाच्या भाजीत गेल्या. नाझर परतले तेव्हा पडवी लख्ख होती आणि पाहुण्यांसमोर काजूगर होते. ते दारातच थांबले, जमिनीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं.

"बादशहाचे गार्ड्स होते त्यात," ते हळूच म्हणाले.

"खारवलेले चांगले लागतात," काकू म्हणाल्या.

मीही त्या पंगतीत होतो. आपण काय खातोय हे मला माहीत होतं. तरी भाजी दोनदा वाढून घेतली. माणसानं आपल्या हुद्द्याला जागावं.

वाडीतले लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना 'नाझी' म्हणत. नाझरचं नाझी करायला फार डोकं लागत नाही. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. ते भांडले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "अहो, ते लोक येऊच नयेत म्हणून मी इतकी वर्षं झटतोय. आणि मलाच?"

मी एक मोटार-तुकडी हॅनोव्हरहून म्युन्स्टरला हलवायची सूचना केली. ती त्यांनी मान्य केली. सांत्वनाची तेवढीच भाषा मला येत होती.

मुलीनं त्यांना मुंबईहून लॅपटॉप पाठवला, तेव्हा त्यांना कळलं की जगात असा इतिहास रचणारे आणखी लोक आहेत. इंटरनेटवर त्यांचा एक अड्डा होता. नाझरांनी तिथं आपल्या डिव्हिजनी मांडायला सुरुवात केली. इंग्रजी कोर्टातली. 'सबब नम्र विनंती की' या थाटाची. तोफखान्याच्या घोड्यांवरचा त्यांचा पहिला लेख एखाद्या दिवाणी दाव्यासारखा होता, परिच्छेदांना आकडे घातलेले. लोकांना तो आवडला. कोण ब्राझिलचा, कोण पोलंडचा, नाझरांना 'सर' म्हणू लागला. नाझर खूश. पण थोड्याच दिवसांत सगळे एकच विचारायला लागले: युद्ध कधी?

नाझरांनी कळवलं, युद्ध नाही.

मग इतकी तयारी कशाला, असं त्यांनी विचारलं. एकानं लिहिलं, हा इतिहास नाही, रेल्वेचं वेळापत्रक आहे. नाझरांनी ते मला वाचून दाखवलं. मला हसू आलं, कारण माझंही मत तेच होतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, एखादी छोटी लढाई ठेवा ना. रशियाच्या सरहद्दीवर, नुसती चकमक. लोकांचं समाधान होईल."

त्यांनी लॅपटॉप मिटला.

"चकमकीत पुढे कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"कोणीही. पोमेरेनियाची एखादी रेजिमेंट."

"म्हणजे पोमेरेनियाचे मरणार. ते मी ठरवायचं." मग म्हणाले, "जप्तीला बेलिफ पाठवायचो तेव्हा मला माहीत असायचं, हा ज्या घरी जाणार त्या घरात आज चूल पेटायची नाही. हुकूम कोर्टाचा असायचा, पण पाठवणारा मी. तेवढं पुरे झालं मला."

दुसऱ्या दिवशी मला कळलं की बेकरीवर आता मी उपप्रमुख आहे. प्रमुख म्हणून त्यांनी एका काल्पनिक जर्मनाला नेमलं होतं. त्याच्या हाताखाली मी पुढचे कित्येक महिने काढले. माणूस वाईट नव्हता.

नाझरांच्या बागेला लागून, जरा वरच्या अंगाला, तात्यांचं घर होतं. तात्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला, तात्या एकटे, एक गाय आणि गुडघेदुखी. या दोघांचं बोलणं बंद होतं. कारण गडगा, म्हणजे दोन बागांमधली चिऱ्यांची रचलेली भिंत. नाझरांचं म्हणणं, तात्यांनी तो पावसाळ्यात दुरुस्तीच्या निमित्तानं इकडे सरकवला. तात्यांचं म्हणणं, गडगा आपोआप सरकला. दोघांपैकी कोणी कोर्टात गेलं नाही. तात्यांना कोर्ट माहीत नव्हतं म्हणून, आणि नाझरांना ते आतून माहीत होतं म्हणून.

दर वर्षी सड्यावरचं गवत वाळायला लागलं की नाझर वाडीची बैठक बोलवत. सडा म्हणजे आमच्या वाडीच्या वरचं कातळाचं पठार. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं गवत वाढतं, आणि नंतर वाळून काडीची वाट बघत उभं राहतं. वणवा लागला तर काय करायचं, हा बैठकीचा विषय. लोक चहासाठी येत. नाझर वाडीची डिव्हिजन उभी करत. पहिली तुकडी बागांच्या राखणीला असलेल्या नेपाळ्यांची, दुसरी वाडीतल्या गड्यांची, तिसरी मागे राहणारी. लोक मान डोलवत आणि कप ठेवून जात. तिसऱ्या तुकडीत यायला कोणी तयार नसे, कारण त्यात शोभा नाही. मी मात्र स्वतःहून हात वर केला. मागची तुकडी कधी लागतच नाही अशी माझी पक्की समजूत होती. नाझरांना माझ्या नम्रतेचं फार कौतुक वाटलं.

वणवा लागला तो रविवार होता. मी सकाळची न्याहारी करून आडवा झालो होतो. धुराचा वास आला, पण मला वाटलं, कोणी पातेरा, झाडांखालचा पालापाचोळा, जाळत असेल. मग काकूंनी दार वाजवलं.

"उठा. सडा पेटलाय."

बाहेर आलो तर वरच्या अंगाला अख्खी आडवी रेघ पेटलेली. कशानं लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारं मतलई वारं होतं, आणि ते आग सरळ आमच्या बागेकडे लोटत होतं. शहरातून बंब निघाला होता, पण आमच्या वाडीला पायऱ्यांची पाखाडी आहे. तिथं चाक उतरत नाही.

नाझर गडग्यावर उभे होते. धोतर वर खोचलेलं, हातात काही नाही. मला वाटलं होतं, हा माणूस आता जर्मन बोलायला लागणार. ते अगदी कोर्टातल्या आवाजात बोलत होते. नेपाळ्यांना त्यांनी वरच्या कुंपणाशी पाठवलं, ओले टहाळे घेऊन. वाडीतल्या गड्यांना मधल्या पायवाटेवर लावलं, गवत कापून पट्टा मोकळा करायला. आणि आम्हाला, म्हणजे मी, काकू आणि तीन-चार बायका, त्यांनी विहिरीजवळ उभं केलं. पाठीला आंब्यावर फवारणी करायचे पंप, हातात टहाळे.

"सांगेन तेव्हा," ते म्हणाले.

आग वरचं कुंपण ओलांडून आली. नेपाळी पोरं मागे हटली, पुन्हा पुढे गेली, पुन्हा हटली. नाझरांच्या बागेचा वरचा भाग पेटायला लागला. ती आंब्याची कलमं काकूंनी लावलेली. लग्न होऊन आल्यावर खालून पाणी वाहून त्यांनी ती जगवली होती. त्या वर्षी फळ चांगलं धरलं होतं. पानं तडतडायला लागली. तो आवाज पावसासारखा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "काका, जाऊ का आम्ही?"

"थांबा."

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. विचारलं म्हणजे झालं, असं वाटत होतं. पण काकूंना जायचं होतं.

"अहो, माझी कलमं आहेत ती. पाठवा ना आम्हाला."

"थांब गो."

"कशासाठी थांबायचं?"

नाझर आगीकडे बघतच नव्हते. ते तात्यांच्या नारळाच्या झावळ्यांकडे बघत होते. मध्येच बोट ओलं करून वर धरत होते. मधल्या पट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं, "अहो नाझर, बायकांना पाठवा, नुसत्या उभ्या काय करताय?" एकानं शिवी दिली. नाझरांनी ती ऐकली, मला दिसलं. त्यांचे हात मागे बांधलेले होते आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतली होती की नखं पांढरी पडली होती. काकू एक पाऊल पुढे गेल्या, मग तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं असेल.

मग, दुपार व्हायच्या सुमाराला, झावळ्या थांबल्या. क्षणभर काहीच हललं नाही. आणि समुद्राकडून खारं वारं आलं.

"आता," नाझर म्हणाले. "तात्यांच्या उडवीकडे. पळा."

आगीचं एक टोक वळलं आणि गडग्याच्या वरच्या बाजूनं तात्यांच्या घराकडे निघालं. तात्यांच्या गोठ्याला लागून गवताची उडवी रचलेली होती, आणि गोठ्याला लागून घर. तात्या अंगणात एकटेच बादलीनं कौलांवर पाणी फेकत होते. त्यांच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. सगळी वाडी आमच्या बागेत.

आम्ही पळालो. मी सगळ्यांत मागे होतो, तरी पोचलो. पोचल्यावर पंपाचा दांडा मारला आणि पहिला फवारा जोरात तात्यांच्या तोंडावर सोडला. ते म्हणाले, "मी नाय पेटलो अजून. तिकडं मार." काकूंनी गोठ्यात शिरून गाय सोडली. बायकांनी उडवी ओढून विस्कटली आणि ओली केली. ठिणग्या येत होत्या, आम्ही टहाळ्यांनी झोडत होतो. एकदा मी आग समजून काकूंचा पदर झोडला. थोड्या वेळानं मधल्या पट्ट्यावरचे गडीही येऊन मिळाले, आणि गडग्याशी आग अडली. गोठ्याचा एक वासा काळा झाला. घर राहिलं.

वरची कलमं गेली होती. काही उभी होती, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सोमवारी कंपनीत मी ही हकीकत सांगितली, तेव्हा उडवी मी एकट्यानं ओढल्याचं माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या आठवड्यापर्यंत गायही मीच सोडली होती.

घरात मात्र शांतता होती. काकू नाझरांशी बोलत नव्हत्या. ताट वाढत, चहा ठेवत, पण एक शब्द नाही. नाझरांनी पडवीतल्या बिया भरून ठेवल्या. मला ते रिकामं सारवण बघवेना. मी विचारलं, "काका, वारं फिरणार हे तुम्हाला नक्की माहीत होतं?"

"दुपारी बहुतेक फिरतं."

"आणि नसतं फिरलं तर?"

"तर खालची कलमंही गेली असती आणि माझं डोकं फिरलंय असं तुम्ही म्हटलं असतंत. झाडं पुन्हा लावता येतात. तात्याच्या घरात तात्या होता."

"हे काकूंना सांगा."

"तिला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

वणव्यानंतर भाजलेल्या बुंध्यांना शेणमातीचा लेप लावतात. एखादं झाड वाचलं तर वाचतं. एका सकाळी नाझर घमेलं घेऊन वर निघाले. मी बादली घेऊन मागे गेलो. शेण आमच्याकडे नव्हतं. वर पोचलो तर गडग्यावर पाटी भरून शेण ठेवलेलं होतं, आणि पलीकडे तात्या पाठमोरे, गाईला काहीतरी सांगत उभे होते. नाझरांनी पाटी उचलली.

नाझरांना लेप लावता येत नव्हता. आयुष्यभर माणसं कामाला पाठवलेली, स्वतःच्या हाताला सवय नाही. ते बुडाशीच थापत बसले. मी पाणी ओतत होतो, बहुतेक त्यांच्या पायावर. तेवढ्यात काकू वर आल्या. पदर खोचलेला. त्या झाडांमधून एक चक्कर मारून आल्या. प्रत्येक खोडाला नखानं जरा खरवडून आत हिरवं आहे का बघितलं. बऱ्याच ठिकाणी नव्हतं.

नाझर उठले नाहीत. खाली बघतच म्हणाले, "चुकलं का माझं?"

काकू पुढच्या खोडाशी गेल्या, तिथंही खरवडलं, बोटाला लागलेलं बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण एकदा माझ्याकडे बघायचंत तरी."

"बघितलं असतं," नाझर म्हणाले, "तर तुला पाठवलं असतं."

मी बादलीत बघत राहिलो. त्यात पाणी नव्हतं, पण बघायला दुसरं काही नव्हतं.

काकू त्यांच्या शेजारी बसल्या, घमेल्यात हात घातला, आणि ओंजळभर लेप घेऊन त्यांचा हात होता त्याच्या वर खोडावर थापला.

"नुसतं बुडाला काय लावताय," त्या म्हणाल्या. "वरपर्यंत लावा."